नव्या स्टिरिओला स्टिअरिंगवरची बटणं जोडताना

नवा टचस्क्रीन स्टिरिओ बसवला, गाडी घेऊन ठाण्यात कापूरबावडीच्या पुढे लागलात, अंगठा सवयीने स्टिअरिंगवरच्या प्लसच्या बटणावर गेला आणि आवाज काही वाढला नाही. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "साहेब, ती बटणं कंपनीच्याच स्टिरिओवर चालतात." बहुतेक गाड्यांच्या बाबतीत हे खरं नाही. दोन-तीन बारीक वायर जोडायच्या राहिलेल्या असतात, एवढंच.

मी मानपाड्याहून रोज ऐरोलीला जातो. विटाव्याला रेल्वे पुलाखालून दुचाक्या दोन्ही बाजूंनी अंगावर येत असतात. तिथे स्क्रीनवर बोट टेकवून आवाज कमी करायचा म्हणजे एक हात आणि दोन्ही डोळे रस्त्यावरून काढून घ्यायचे. ती बटणं चैनीसाठी दिलेली नाहीत. पैसे मोजून घेतलेल्या गाडीतली ही सोय स्टिरिओ बदलला म्हणून सोडून देऊ नका.

हे काम पहिल्यांदा करणाऱ्याने एकच गोष्ट डोक्यात पक्की करावी: वायरचा रंग बघून काही जोडायचं नाही, मल्टिमीटरने मोजून जोडायचं. रंग गाडीगाडीप्रमाणे बदलतात, कधीकधी एकाच मॉडेलच्या दोन वर्षांतही बदलतात. मीटर मात्र समोर असलेल्याच गाडीचं सांगतो.

बटणाच्या मागे काय असतं

बऱ्याच गाड्यांत, विशेषतः जुन्या आणि मध्यम किमतीच्या, प्रत्येक बटणाच्या मागे वेगळ्या आकड्याचा एक रेझिस्टन्स, म्हणजे विजेला अडवणारा भाग, असतो. तो ओहममध्ये मोजतात. बटण दाबलं की सिग्नलची वायर त्या रेझिस्टन्समधून अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूला, जोडली जाते. स्टिरिओ त्याच वायरवर आतून एका ठरावीक रेझिस्टन्समार्फत ५ किंवा ३.३ व्होल्ट ठेवतो आणि ते व्होल्ट किती खाली आले ते बघतो. खाली आलेल्या व्होल्टवरून कुठलं बटण दाबलं ते त्याला कळतं. म्हणून पाच-सहा बटणांना एक-दोन वायर पुरतात.

आमच्या गाडीत मी मोजलेले आकडे देतो म्हणजे चित्र स्पष्ट होईल. पुढचं गाणं ० ओहम, मागचं गाणं ३३०, आवाज वाढवा १०००, आवाज कमी करा ३११०, आणि कुठलंच बटण दाबलेलं नसताना साधारण १ लाख ओहम. स्टिरिओत आत १००० ओहम आणि ५ व्होल्ट धरले, तर 'मागचं गाणं' दाबल्यावर वायरवर १.२४ व्होल्ट राहतात, 'आवाज वाढवा' दाबल्यावर २.५ आणि 'आवाज कमी करा' दाबल्यावर ३.७८. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण तऱ्हा हीच.

दुसरा प्रकार कॅन बसचा. स्टिअरिंगवरची बटणं आधी एका मॉड्यूलला जातात आणि तिथून 'आवाज वाढवा' असा डिजिटल निरोप दोन वायरींच्या जोडीवरून फिरतो. ही पद्धत बॉशने १९८६ मध्ये जाहीर केली. फोक्सवॅगन, स्कोडा आणि अलीकडच्या अनेक गाड्यांत ती असते. तिथे ओहम मोजून काही हाती लागत नाही, त्या गाडीसाठी बनवलेला डिकोडर बॉक्स लागतो. त्याबद्दल पुढे येईलच.

स्टिरिओ विकत घेण्याआधी त्याची पाठ बघा

दुकानात सगळे स्क्रीन बघतात. तुम्ही स्टिरिओ उलटा करून मागची बाजू आणि सोबतच्या वायरींचा गुच्छ बघा. अँड्रॉइड स्टिरिओत बहुधा 'की वन', 'की टू' (बटणांच्या सिग्नलसाठी) आणि 'जीएनडी' (ग्राउंड, म्हणजे अर्थ) अशा चिठ्ठ्या लावलेल्या वायर असतात. काहींवर 'एसडब्ल्यूसी' (स्टिअरिंग व्हील कंट्रोल) लिहिलेलं असतं, काम तेच. असे स्टिरिओ बटणं स्वतः शिकून घेतात, त्यामुळे नवख्याला हेच सोपे.

पायोनियरच्या बऱ्याच मॉडेलांत मागे हेडफोनसारखा ३.५ मिलिमीटरचा 'वायर्ड रिमोट' जॅक असतो. त्याला ठरावीक आकडेच समजतात, गाडीची वायर थेट जोडून चालत नाही. मध्ये इंटरफेस अडॅप्टर लागतो, जो गाडीचे आकडे त्या स्टिरिओच्या भाषेत करून देतो. केनवुड आणि जेव्हीसीच्या बऱ्याच स्टिरिओंना यासाठी एक निळी-पिवळी वायर असते, तिथेही अडॅप्टरच लागतो. अडॅप्टरची किंमत स्टिरिओच्या हिशेबात आधीच धरा. अँड्रॉइड स्टिरिओ घेत असाल तर फॅक्टरी सेटिंगचा, म्हणजे स्टिरिओतल्या आतल्या सेटिंगच्या पानाचा, कोड विक्रेत्याकडून लिहून घ्या. घरी गेल्यावर तो फोनवर मिळवताना नाकी नऊ येतात.

सामान

डिजिटल मल्टिमीटर, साधा चालतो. डॅशबोर्डला ओरखडे न पाडणारे प्लास्टिकचे ट्रिम टूल, १० नंबरचा पाना, सोल्डरिंग आयर्न, हीट श्रिंक नळ्या (गरम केल्यावर आकसून जोडावर घट्ट बसतात त्या), कापडी टेप आणि एक १००० ओहमचा सुटा रेझिस्टर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या गाडीच्या मॉडेलचा कपलर हार्नेस, म्हणजे कपलर लावलेला वायरींचा तयार गुच्छ, जो एका बाजूने गाडीच्या मूळ सॉकेटमध्ये बसतो. हार्नेस असला की गाडीची एकही मूळ वायर कापावी लागत नाही. नवी जोडणी सगळी हार्नेसच्या शेपटांवर होते. उद्या गाडी विकताना कंपनीचा स्टिरिओ परत बसवता येतो आणि वॉरंटीच्या गाडीत वायरिंग कापल्याचा वादही उभा राहत नाही.

आधी एअरबॅगबद्दल

१ जुलै २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या कारला चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, आणि ती त्या बटणांच्या अगदी मधोमध बसलेली असते. तुम्हाला स्टिअरिंग उघडायचंच नाही. बटणांच्या वायर स्टिअरिंगखालच्या क्लॉक स्प्रिंगमधून, म्हणजे गुंडाळलेल्या पट्टीच्या केबलमधून, स्टिरिओच्या मागच्या सॉकेटपर्यंत कंपनीनेच आणून ठेवलेल्या असतात. आपलं सगळं काम तिथे.

डॅशबोर्डमध्ये पिवळं कपलर किंवा पिवळ्या नळीतली वायर दिसली तर ती एअरबॅगची. तिला मीटर लावू नका. ओहम मोजताना मीटर स्वतः थोडा करंट सोडतो, आणि एअरबॅग उडवायला मोठा करंट लागत नाही. इतर ठिकाणी चूक झाली तर फ्यूज उडेल, इथली चूक निस्तरता येणार नाही.

बेस मॉडेलमध्ये बटणंच नाहीत आणि टॉप मॉडेलची आणून बसवायची आहेत, असं असेल तर ते घरी करण्याचं काम नाही. त्यात एअरबॅग काढावी लागते, आणि बेस मॉडेलच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये त्या वायर असतीलच असंही नाही.

कामाला लागताना

जुना स्टिरिओ काढण्याआधी त्यावर सगळी बटणं एकदा चालवून बघा. एखादं आधीच मेलेलं असेल तर नव्या जोडणीत त्याचा दोष शोधत दुपार जाते. मग इग्निशन बंद, चावी खिशात, आणि १० च्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. पाच-दहा मिनिटं थांबा. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये असाल तर पावसाच्या दिवसात हे काम काढू नका. दार दोन तास उघडं राहतं आणि ठाण्यातली सर विचारून येत नाही.

स्टिरिओभोवतीची फ्रेम ओढून काढा, स्क्रू एका वाटीत ठेवा, प्रत्येक कपलर सोडवण्याआधी फोनवर फोटो घ्या. हॅझर्डच्या बटणाचं कपलर याच फ्रेमला असतं, काही गाड्यांत शेजारच्या सीटच्या एअरबॅगचा दिवाही. ते सुटं असताना इग्निशन चालू करू नका, नाहीतर एअरबॅगचा लाल दिवा लागून बसतो आणि तो घालवायला सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.

आता वायर शोधणं. सर्किट डायग्राम मिळाला तर उत्तम, तरी मोजून खात्री करा. नाही मिळाला तर गाळत गाळत जायचं. बॅटरी परत जोडा आणि मूळ स्टिरिओच्या सॉकेटमधल्या पिनांवर आधी व्होल्ट मोजा. ज्या पिनेवर कायम १२ व्होल्ट आहेत ती बॅटरीची. चावी अॅक्सेसरीवर फिरवल्यावर जिथे येतात ती एसीसीची. हेडलाइट लावल्यावर जिथे येतात ती डॅशच्या दिव्यांची. एसीसीसाठी चावी फिरवायची तर आधी हॅझर्डचं आणि एअरबॅगच्या दिव्याचं कपलर लावून घ्या. या सगळ्या पिना बाजूला काढा आणि बॅटरीचं निगेटिव्ह पुन्हा सोडवा. व्होल्ट असलेल्या वायरवर ओहमचा मीटर लावला तर आकडा खोटा येतो आणि मीटरही जाऊ शकतो.

उरलेल्यांपैकी ज्या जोड्यांमध्ये साधारण ४ ओहम दिसतात ते स्पीकर. चार स्पीकरच्या आठ वायर गेल्या की फार थोड्या पिना उरतात.

इथे सोबतीला कुणीतरी हवं. आमच्याकडे मुलगी ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मी मीटरचा काळा प्रोब (वायरीच्या टोकाची सुई) गाडीच्या लोखंडी भागाला लावला, लाल प्रोब एकेका पिनेवर टेकवत गेलो आणि तिला "प्लस दाब, सोड, मायनस दाब, सोड" असं सांगत राहिलो. चौथ्या पिनेवर मीटर एकदम १ लाखावरून १००० वर आला, तिने सोडल्यावर परत वर गेला. तीच सिग्नलची वायर. कुठल्याच पिनेवर काही हललं नाही तर काळा प्रोबही उरलेल्या पिनांवर फिरवा. काही गाड्यांत बटणांची अर्थ वायर वेगळी असते, बॉडीला जोडलेली नसते.

मोजताना बोटं प्रोबच्या धातूला लागू देऊ नका. शरीरातूनही करंट जातो आणि मोठे आकडे कमी दिसतात. प्रत्येक बटणाचा आकडा वहीत लिहा. फोनची बटणं दुसऱ्या सिग्नल वायरवर निघतात का तेही बघा, बऱ्याच गाड्यांत तशी असतात. आणखी एक चाचणी, जी मी आता कधीच चुकवत नाही: एक बटण दाबून धरायचं आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. आकडा जागचा हलता कामा नये. तो उड्या मारत असेल तर क्लॉक स्प्रिंग झिजलेली आहे. तिच्यातूनच हॉर्न आणि एअरबॅगची वायर जाते, त्यामुळे आधी अधिकृत सर्व्हिस सेंटर, स्टिरिओ नंतर.

एकाही बटणाला आकडा हलला नाही आणि एकमेकींना पीळ दिलेल्या दोन बारीक वायर दिसल्या, तर गाडी कॅन बसची असावी. बॅटरी सुटी असताना त्या दोघींमध्ये साधारण ६० ओहम मिळाले की शंका उरत नाही, कारण कॅन बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात आणि दोन समांतर मिळून ६० होतात. या वायरींवर 'की वन' जोडू नका. त्याच जोडीवरून गाडीतली इतर यंत्रंही बोलत असतात. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून डिकोडर बॉक्स घ्या, तो हार्नेससकट येतो. मग स्टिरिओच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये जाऊन त्या बॉक्सचा आणि गाडीचा प्रकार निवडा. खारघरच्या मेहुण्याच्या गाडीत बॉक्स बरोबर होता, सेटिंगमध्ये प्रकार चुकीचा निवडलेला होता. आठवडाभर तो बॉक्सला दोष देत होता.

जोड

ही पायरी सगळ्यात जास्त हेळसांडीची आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. माझ्या गाडीत पहिल्यांदा हे काम ठाण्यातल्या एका दुकानात करून घेतलं होतं. त्यांनी मूळ कपलर कापला, वायर एकमेकींना पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. सहा महिने सगळं सुरळीत चाललं. पावसाळा संपता संपता, घोडबंदरच्या खड्ड्यांतून जाताना, मागच्या सीटवर मुलगी झोपलेली असताना मी 'मागचं गाणं' दाबलं आणि गाण्याऐवजी आवाज चढत गेला. ती दचकून उठली. बटण सोडलं, पुन्हा दाबलं, पुन्हा आवाजच वाढला. थोडं पुढे गेल्यावर ते आपोआप बरोबर चालायला लागलं.

नंतर टेप सोडली तेव्हा तिचा गोंद चिकट काकवीसारखा झाला होता आणि आतलं तांबं हिरवं पडलं होतं. जोडावर मीटर लावला, ७०० ओहम. आता वरचे आकडे आठवा: मागच्या गाण्याचे ३३० आणि जोडाचे ७०० मिळून १०३० होतात, आणि १००० म्हणजे 'आवाज वाढवा'. स्टिरिओला जे दिसलं ते त्याने केलं. बारा व्होल्टच्या जाड वायरीत किंवा स्पीकरमध्ये वाईट जोड असला तर तो निदान आवाज खरखरून सांगतो. इथे रेझिस्टन्स हीच भाषा आहे, त्यामुळे खराब जोड सरळ दुसरंच बटण बोलतो.

म्हणून आपल्या हवेत पिळून टेप लावणं पुरेसं नाही. वायर सोला, हीट श्रिंकची नळी आधीच एका वायरीत ओवून ठेवा, ती विसरली की जोड परत सोडवावा लागतो. दोन टोकं एकमेकांत गुंफा, आयर्नने वायर तापवून तिच्यावर सोल्डर वितळू द्या, गार झाल्यावर नळी जोडावर सरकवून गरम करा. वर कापडी टेप, म्हणजे डॅशमध्ये खडखड होत नाही. सोल्डर जमत नसेल तर चांगल्या क्रिम्परने दाबलेला क्रिम्प जोडही टिकतो. जोड झाल्यावर दोन्ही बाजूंना मीटर लावा: जवळपास शून्य आलं पाहिजे.

कुठे काय जोडायचं ते आता सोपं आहे. गाडीची सिग्नल वायर 'की वन'ला. दुसरी सिग्नल वायर असेल तर ती 'की टू'ला, नसेल तर 'की टू'चं टोक झाकून मोकळं ठेवा. बटणांची वेगळी अर्थ असेल तर ती 'की'च्या शेजारच्या 'जीएनडी'ला, बॉडीला कुठेतरी नव्हे.

शिकवणं

गाडीची वायर जोडण्याआधी, नुसता स्टिरिओ चालू करून, 'की वन' आणि 'जीएनडी'मध्ये तो सुटा १००० ओहमचा रेझिस्टर धरा आणि शिकण्याच्या पानावर काही नोंद होते का बघा. होत असेल तर स्टिरिओ ठीक आहे, पुढे काही अडलं तर दोष गाडीच्या बाजूला शोधायचा. या दोन मिनिटांत नंतरची बरीच शोधाशोध वाचते.

मग सगळं जोडा, सेटिंगमध्ये स्टिअरिंगचं पान उघडा, 'स्टार्ट' दाबा. स्टिअरिंगवरचं प्लस दोन-तीन सेकंद दाबून धरा, स्क्रीनवर आवाज वाढवण्याच्या चिन्हाला टेकवा, चिन्हाचा रंग बदलला की पुढचं. काही स्टिरिओंत क्रम उलटा असतो, आधी चिन्ह आणि मग बटण. सगळी बटणं एकाच बैठकीत शिकवा, कारण बऱ्याच स्टिरिओंत पुन्हा 'स्टार्ट' दाबलं की आधीचं पुसलं जातं. शेवटी 'सेव्ह' किंवा 'एंड' दाबायला विसरू नका. दाबून धरण्याचं वेगळं काम देता येत असेल तर मोडच्या बटणाला लांब दाबल्यावर म्यूट द्या. टोलनाक्यावर किंवा कुणी खिडकीशी पत्ता विचारायला आलं तर उपयोगी पडतं.

दोन बटणं एकच काम करायला लागली तर त्यांचे आकडे स्टिरिओच्या मानाने फार जवळ आहेत. स्टिरिओत आत १०,००० ओहम आणि ३.३ व्होल्ट असतील, तर १०० ओहमच्या बटणावर ०.०३ व्होल्ट राहतात आणि २०० च्या बटणावर ०.०६. एवढा फरक स्वस्त स्टिरिओला कळत नाही. फॅक्टरी सेटिंगमध्ये रेझिस्टन्सची रेंज बदलण्याचा पर्याय असतो का ते आधी बघा. नसेल तर मध्ये शिकणारा इंटरफेस बॉक्स घाला. वायरीत अंदाजाने रेझिस्टर लावत बसू नका.

फ्रेम लगेच दाबून बसवू नका. आधी इंजिन चालू करून सगळी बटणं पुन्हा दाबा, हेडलाइट लावून दाबा, एसी चालू ठेवून दाबा, स्टिअरिंग पूर्ण वळवून दाबा. गाडी बंद करून दहा मिनिटांनी परत चालू करा आणि शिकवलेलं लक्षात राहिलंय का बघा. राहिलं नसेल तर स्टिरिओची कायमच्या १२ व्होल्टची पिवळी आणि एसीसीची लाल वायर आपापल्या जागी आहेत का ते मीटरने तपासा, अदलाबदल झालेली असू शकते.

वहीतला तो आकड्यांचा कागद आणि कपलरचे फोटो फेकू नका. कागद गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवा. दोन-तीन पावसाळ्यांनी एखादं बटण चुकीचं वागलं तर फ्रेम काढून तेच बटण दाबायचं आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून बघायचं. माझ्या कागदावर १००० च्या शेजारी दुसऱ्या शाईत १००२ लिहिलेलं आहे. ते सोल्डर केल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यानंतरचं आहे.